लॅमार्क : जिराफाच्या मानेपलीकडचा माणूस

लॅमार्क म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? जिराफच ना! मान ताणून ताणून लांब झाली, असं म्हणणारा आणि चुकलेला शास्त्रज्ञ. मीही परीक्षेत एवढंच लिहिलं होतं.

लॅमार्क यांचा जन्म १ ऑगस्ट १७४४ रोजी उत्तर फ्रान्समधील एका खेड्यात झाला. घरातलं हे अकरावं अपत्य. वडिलांना त्याला धर्मगुरू करायचं होतं. पण वडील वारले आणि पोरगा घोड्यावर बसून थेट युद्धावर गेला! पुढे मानेच्या दुखण्याने सैन्य सुटलं. (मानच ती, गंमत बघा.) मग तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर पॅरिसमध्ये वनस्पतींचा अभ्यास केला.

१७९३ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांच्याकडे किडे व कृमी हा विषय आला. वनस्पतींचा माणूस पुन्हा पहिलीपासून शिकू लागला. आपण मुलांना शिकवतो तो अपृष्ठवंशीय हा गट त्यांनीच मांडला. परिस्थिती बदलली की सवयी बदलतात, सवयींनी शरीर बदलतं आणि तो बदल पुढच्या पिढीत उतरतो, हा विचार त्यांनी १८०९ च्या ग्रंथात मांडला.

म्हातारपणी दृष्टी गेली. ते सांगायचे, मुलगी लिहून घ्यायची. १८२९ मध्ये ते वारले, तेव्हा घरात पैसा नव्हता. भाड्याच्या जागेत दफन झालं, पुढे अस्थीही कुठे गेल्या कळलं नाही.

नंतर वाइसमान यांनी पिढ्यान्‌पिढ्या उंदरांच्या शेपट्या कापल्या. पिल्लं शेपटीसकटच जन्मली. लॅमार्क यांचा विषय तिथेच मिटला, असं अनेकांना वाटलं.

मग आज त्यांचं नाव पुन्हा का निघतं? १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला. गर्भारपणाच्या सुरुवातीलाच ज्यांच्या आया उपाशी राहिल्या, त्या मुलांची सुमारे साठ वर्षांनी तपासणी झाली. वाढीशी संबंधित एका जनुकावरच्या रासायनिक खुणा त्यांच्यात भावंडांपेक्षा कमी आढळल्या. जनुक किती काम करणार, हे ठरण्यात अशा खुणांचा वाटा असतो. पुस्तकातली अक्षरं तीच, पण काही पानं चिकटलेली, असं समजा.

म्हणजे लॅमार्क बरोबर ठरले का? नाही हं! इथे बाळ स्वतःच पोटात उपाशी होतं. माणसात अशा खुणा नातवंडांपर्यंत जातात का, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. जिराफाचं उत्तर मात्र चुकीचंच. त्याला गुण देऊ नका.