माणसे जोडणारा कारखानदार

शिरूर कासार - सिंदफणेच्या काठचा हा तालुका दिवाळीच्या सुमारास हळूहळू ओस पडू लागतो. कोयते, भांडीकुंडी, लेकरेबाळे आणि जनावरे घेऊन ऊसतोडणीला निघणाऱ्या कुटुंबांची वाट पुढे सांगली-कोल्हापूरच्या साखरपट्ट्यातही जाते. त्याच पट्ट्यात, पुणे-मिरज लोहमार्गावर किर्लोस्करवाडी हे स्थानक आहे. पूर्वी त्याचे नाव कुंडल रोड होते. एका कारखान्यामुळे ते बदलले आणि तो कारखाना ज्यांनी उभारला त्या लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्करांचे आडनाव स्थानकाला कायमचे चिकटले.

अलीकडे मोठ्या कंपन्यांच्या प्रवेशद्वाराशी त्यांची मूल्ये चौकटीत लावलेली असतात. कर्मचाऱ्यांना कंपनी आपली वाटावी यासाठी स्वतंत्र विभाग असतात, वर्षाकाठी प्रश्नावल्या भरून घेतल्या जातात, स्नेहसंमेलने होतात. लक्ष्मणरावांच्या काळी या शास्त्राला नाव नव्हते. मात्र कामगाराने कारखाना आपला मानावा, तर मालकाने आधी कामगाराला काय द्यावे लागते, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी शतकापूर्वी एका माळरानावर शोधले होते. त्यासाठी त्यांच्या आयुष्याकडे मुळापासून पाहायला हवे.

चित्रकलेकडून यंत्रांकडे

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. मराठी संगीत रंगभूमीचे आद्य नाटककार अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक होते. मुलाचे लक्ष मात्र पोथ्यांपेक्षा चित्रांत आणि यंत्रांत अधिक रमत असे. थोरले बंधू रामूअण्णा यांच्या पाठिंब्यावर त्यांनी मुंबई गाठली आणि १८८५ मध्ये जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला.

तेथे एक दुर्दैवी बाब ध्यानात आली. लक्ष्मणरावांना काही रंगांतील फरक ओळखता येत नव्हता. अंशतः रंगांधत्व असलेल्या तरुणाला चित्रकार होणे अशक्यच होते. त्यांनी रंग सोडले. पण रेषा सोडली नाही. यंत्रांच्या आरेखनात रंगांचे काम नव्हते. त्या विद्येत ते पारंगत झाले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. संस्थेच्या कार्यशाळेत हिंडता-फिरता त्यांनी यंत्रे समजून घेतली. अभियांत्रिकीची पदवी त्यांच्याजवळ कधीच नव्हती.

याच नोकरीत त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन शिक्षकाला देण्यात आली. काम ज्याचे, मान त्याचा, हा साधा न्याय तेथे लागू पडला नाही. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले. पुढे त्यांनी माणसे कशी निवडली हे पाहिले, की या अपमानाची खूण तेथे सापडते. आपल्याला ज्या मापाने मोजले गेले, ते माप त्यांनी स्वतःच्या कारखान्यात वापरले नाही.

लोखंडी नांगराची परीक्षा

मुंबईत असतानाच सायकलींचा जोडधंदा सुरू झाला होता. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत आणि रामूअण्णा त्या बेळगावात विकत. १८८८ मध्ये सुरू झालेल्या या दुकानाला किर्लोस्कर ब्रदर्स हे नाव मिळाले. बेळगावातील तो रस्ता आजही किर्लोस्कर रोड म्हणून ओळखला जातो. परंतु दुसऱ्याने तयार केलेला माल विकण्यात लक्ष्मणरावांचे मन रमेना. त्यांनी आधी कडबा कापण्याचे यंत्र तयार केले आणि मग लोखंडी नांगर हाती घेतला.

ही धाडसाचीच गोष्ट होती. पिढ्यान्‌पिढ्या लाकडी नांगराने जमीन कसणाऱ्या शेतकऱ्याला लोखंडाची धास्ती वाटे. लोखंडाचे विष जमिनीत उतरेल आणि ती नापीक होईल, अशी समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. या काळात दुसऱ्या कोणी हा उद्योग गुंडाळून ठेवला असता. लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला अडाणी ठरविले नाही की नांगराचा नादही सोडला नाही. खोल नांगरटीचा गुण शेतात दिसल्यावर विश्वास आपोआप बसेल, हे त्यांनी ओळखले होते. धंद्यात विश्वास मागून मिळत नाही, तो कमवावा लागतो, हा धडा त्यांनी प्रथम गिऱ्हाईकाकडून घेतला आणि पुढे कामगारांच्या बाबतीत गिरवला.

बत्तीस एकर माळ

नांगराचा जम बसू लागला तोच बेळगाव नगरपालिकेने जागा सोडण्याचा हुकूम बजावला. चालता कारखाना उचलून न्यायचा कोठे, हा प्रश्न होता. औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी या वेळी मदतीला आले. सूर्यनमस्काराचे प्रचारक आणि पुढे प्रजेच्या हाती कारभार सोपविणारे राजे म्हणून ते ओळखले जातात. त्यांनी लक्ष्मणरावांना दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले आणि कुंडल रोड स्थानकाजवळची बत्तीस एकर जमीन दिली.

जमीन कसली, निवडुंगाने भरलेला आणि नागांनी व्यापलेला तो ओसाड माळ होता. १० मार्च १९१० हा किर्लोस्करवाडीचा स्थापना दिवस मानला जातो. पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे लक्ष्मणरावांसोबत या माळावर राहायला आली. निवडुंग तोडण्यापासून छपरे उभारण्यापर्यंतची कामे सर्वांनी मिळून केली. एका परीने कारखान्याआधी गावच उभे राहिले.

इंग्लंडमध्ये साबण कारखानदार लिव्हर यांनी पोर्ट सनलाइट आणि चॉकलेटच्या धंद्यातील कॅडबरी घराण्याने बोर्नव्हिल ही कामगारांची गावे वसविली होती. आपल्याकडे जमशेटजी टाटांच्या स्वप्नातील पोलादनगरी साकची येथे आकार घेत होती. या सर्वांजवळ मोठे भांडवल होते. लक्ष्मणरावांजवळ कर्जाची रक्कम, एक चांगली कल्पना आणि सोबत आलेली माणसे एवढाच ऐवज होता. म्हणूनच माणसांची निवड ही त्यांच्या दृष्टीने जिवाची बाब होती.

भूतकाळ न विचारणारा मालक

ही निवड आजच्या मनुष्यबळ व्यवस्थापकाला कोड्यात टाकील अशी होती. बंधू रामूअण्णांकडे वसाहतीची आखणी आणि कारभार होता. शंभूराव जांभेकर यंत्रांची बाजू सांभाळत. के. के. कुलकर्णी पडेल ते काम करणारे व्यवस्थापक होते. मंगेशराव रेगे यांच्याकडे पत्रव्यवहार आणि हिशेब होता. शालेय शिक्षण अर्धवट सोडलेले परंतु कल्पक बुद्धीचे अनंतराव फळणीकर येथे अभियंता म्हणून नावारूपाला आले. प्रमाणपत्राअभावी ज्याला दुसरीकडे कोणी उभे केले नसते, त्याच्या हाती येथे यंत्र दिले गेले.

याहून मोठा प्रयोग रात्रीच्या पहाऱ्याचा होता. तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी पहारेकरी नेमले. ज्यांच्यापासून गावाने आपली मालमत्ता जपावी असे समाज सांगत होता, त्यांच्याच हाती मालमत्तेची राखण देण्यात आली. वसाहतीत अस्पृश्यता पाळण्यास मनाई होती. त्या काळात गावोगाव पाणवठे वेगळे होते, हे लक्षात घेतले म्हणजे या निर्णयाचे मोल कळते.

येथेच लक्ष्मणरावांच्या विचाराचे मर्म आहे. मूल्य म्हणजे ज्याच्यासाठी मालक स्वतःचे काही पणाला लावतो ती गोष्ट. चोरी झाली असती तर नुकसान त्यांचेच होते. अर्धशिक्षित अभियंत्याचे यंत्र फसले असते तर बुडणारे भांडवल त्यांचेच होते. त्यांनी हा धोका आधी पत्करला आणि मग निष्ठेची अपेक्षा केली. आज बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा असतो. कर्मचाऱ्याने आधी स्वतःला झोकून द्यावे आणि मग कंपनीने त्याच्यावर विश्वास टाकण्याचा विचार करावा, अशी रीत पडली आहे.

अडचणी आणि विस्तार

पहिल्या महायुद्धाने कारखान्याची परीक्षा पाहिली. बाहेरून येणारे लोखंड आणि इतर कच्चा माल मिळेनासा झाला. त्याच वेळी परदेशी नांगरांची आयातही अडली आणि देशी नांगराला मागणी वाढली. एकीकडे गिऱ्हाईक दारात आणि दुसरीकडे भट्टीला माल नाही, अशा कात्रीत वाडीच्या कारागिरांनी मिळेल त्या सामग्रीवर काम रेटले. नांगरापाठोपाठ भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे, उसाचे चरक आणि पुढे पाणी उपसणारे पंप येथे तयार होऊ लागले. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली.

त्याच वर्षी वाडीतून एक छोटे नियतकालिक निघू लागले. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी किर्लोस्कर खबर या नावाने ते सुरू केले. आज ज्याला कंपनीचे गृहपत्र म्हणतात तसेच त्याचे आरंभीचे स्वरूप होते. कारखान्याची आणि मालाची माहिती देणे हा हेतू होता. परंतु पाहता पाहता त्याने कारखान्याचे कुंपण ओलांडले आणि किर्लोस्कर मासिक म्हणून ते मराठी घराघरांत पोचले. १९३० मध्ये स्त्री आणि १९३४ मध्ये मनोहर ही मासिके त्याच्या जोडीला आली. नांगर बनविणाऱ्या वाडीने मराठी मध्यमवर्गाच्या विचारांचीही नांगरट केली, ती अशी.

पुढे चिरंजीव शंतनुरावांनी उद्योगाचा विस्तार हरिहर, बंगळूर आणि पुण्यापर्यंत नेला. यंत्र हत्यारे, विजेच्या मोटारी, डिझेल इंजिने असा पसारा वाढला. वाडी मात्र मूळ स्थान म्हणून टिकून राहिली.

कसोटीचा प्रसंग

जानेवारी १९४८ मध्ये महात्मा गांधींची हत्या झाली आणि पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मण कुटुंबांच्या घरांवर व मालमत्तेवर हल्ले झाले. या लाटेत किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही आग लावण्यात आली. अडतीस वर्षांच्या कष्टांतून उभे राहिलेले काम डोळ्यांदेखत जळाले. लक्ष्मणराव त्या वेळी सत्तरी ओलांडून ऐंशीकडे झुकले होते. कारखाना बंद करून निघून जाण्यास ते कारण पुरेसे होते. तसे झाले नाही. वाडी पुन्हा उभी राहिली आणि भट्ट्या पुन्हा पेटल्या.

या प्रसंगाकडे आणखी एका नजरेने पाहता येईल. वसाहतीच्या आत विश्वासाचे जे नाते जुळले होते, त्याचा आवाका वसाहतीपुरता होता. कुंपणाबाहेरचा समाज जातीच्या आणि रागाच्या जुन्याच हिशेबाने चालत होता. एका भल्या मालकाच्या प्रयोगाची ही मर्यादा म्हणावी लागेल. शिवाय अशा वसाहतीत घर, काम आणि शिस्त या तिन्हींची दोरी मालकाच्याच हाती असते. मालक लक्ष्मणरावांसारखा असेल तर कामगाराचे भाग्य उजळते. पण भाग्य म्हणजे हक्क नव्हे. कामाचे तास, भविष्य निर्वाह निधी, अपघाताची भरपाई या गोष्टी एका माणसाच्या चांगुलपणावर सोडता येत नाहीत, म्हणून कायदे आणि संघटना लागल्या.

हजेरीपटाबाहेरची माणसे

शिरूर कासार तालुक्यात उभे राहून हे चरित्र वाचले की ही मर्यादा अधिक टोचते. किर्लोस्करांच्या नांगरांनी जमीन खोल नांगरली, पंपांनी पाणी उपसले, चरकांनी ऊस गाळला. कृष्णाकाठच्या ऊसशेतीच्या इतिहासात या यंत्रांचा वाटा आहे. आज खुद्द कुंडलला साखर कारखाना आहे. परंतु या साखरेसाठी ज्यांचे हात रक्ताळतात, तो तोडणी मजूर बहुधा कोणत्याच कारखान्याच्या हजेरीपटावर नसतो. त्याचा व्यवहार मुकादमाशी असतो. हंगामाआधी घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि हिशेब तोडलेल्या टनांवर होतो. तो राहतो फडाजवळच्या पालांत किंवा खोपींत.

राज्य सरकारने गोपीनाथ मुंडे यांच्या नावे ऊसतोड कामगारांसाठी कल्याणकारी महामंडळ स्थापन केले आणि मजुरांच्या मुलांसाठी वसतिगृहांची योजनाही आणली. ही पावले आवश्यकच होती. तरीही या मजुराला आपला कर्मचारी म्हणणारा मालक कोण, या प्रश्नाचे उत्तर अद्याप नीट मिळालेले नाही. शहरातही सुरक्षारक्षक, सफाई कामगार, घरपोच सामान पोचविणारी मुले कंपनीचा गणवेश घालतात; पण कंपनी त्यांना आपले कर्मचारी मानीलच असे नाही. भिंतीवरच्या मूल्यांच्या चौकटीत ही माणसे बसत नाहीत. कर्मचाऱ्यांच्या समाधानाच्या प्रश्नावल्याही त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत.

लक्ष्मणरावांच्या पद्धतीची जशीच्या तशी नक्कल आज करता येणार नाही आणि करूही नये. काळ बदलला, कायदे आले, कामगार जागा झाला. तथापि त्यांची एक रीत आजही तपासून पाहण्याजोगी आहे. कारखान्याची खरी ओळख त्यांनी व्यवस्थापकाच्या खोलीत मांडली नाही. ती रात्रीच्या पहारेकऱ्याच्या जागी मांडली. सर्वांत खालच्या आणि सर्वांत संशयित माणसाला आपण कसे वागवितो, यावर त्यांनी आपली पत ठरू दिली. आजच्या कंपन्यांनी हीच मोजपट्टी लावायची ठरवली, तर पहिला प्रश्न वातानुकूलित कार्यालयात विचारावा लागणार नाही. तो फाटकाशी आणि फडात विचारावा लागेल.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे २६ सप्टेंबर १९५६ रोजी निधन झाले. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. रंगांधत्वामुळे चित्रकार होऊ न शकलेल्या या माणसाने एक चित्र मात्र रेखाटून ठेवले. निवडुंगाच्या माळावर पंचवीस कुटुंबांनी वसविलेले त्याचे गाव आजही नकाशावर आहे.