एडिसनचा कान

हाय-रेझोल्यूशन संगीत पुरवणाऱ्या एका ऑनलाइन सेवेची महिनाभराची मोफत वर्गणी घेऊन मी घरी तुलना करत बसलो होतो. एकच गाणं दोन दर्जांत. एक साध्या सीडीच्या दर्जाचं, म्हणजे 16 बिट, 44.1 किलोहर्ट्झ, दुसरं 24 बिट, 192 किलोहर्ट्झ. दुसरं सरस आहे याबद्दल माझ्या मनात शंका उरली नव्हती. मग मुलीने फोन स्वतःच्या हातात घेतला, वायरचा हेडफोन माझ्या कानावर ठेवला आणि कोणतं लावलंय ते न सांगता दहा वेळा गाणं ऐकवलं. माझी पाच उत्तरं चुकली. नाणं उडवून सांगितलं असतं तरी एवढंच जमलं असतं! दुसऱ्या दिवशी कानाची तपासणी करून घेतली. उंच स्वरांकडे जाताना आलेख खाली घसरला होता. पन्नाशीनंतर बहुतेकांचं होतं तसंच. तेव्हा आठवला तो थॉमस अल्वा एडिसन.

एडिसनचा जन्म 1847 चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातला. शाळेत तो फार टिकला नाही. आईनेच त्याला घरी शिकवलं. बाराव्या वर्षाच्या सुमारास तो रेल्वेगाडीत वर्तमानपत्रं आणि खाऊ विकू लागला आणि त्याच सुमारास त्याला कमी ऐकू येऊ लागलं. याचं कारण तो वेगवेगळं सांगायचा. चालत्या गाडीत चढताना कुणीतरी कान धरून वर ओढलं, ही त्याची आवडती कथा. डॉक्टर म्हणून मला त्याला लहानपणी झालेला स्कार्लेट फीव्हर आणि मधल्या कानातला वारंवारचा संसर्ग ही कारणं जास्त पटतात. बाराव्या वर्षानंतर आपण पक्ष्याचं गाणं ऐकलेलं नाही, अशी नोंद त्याने वयाच्या अडतिसाव्या वर्षी रोजनिशीत करून ठेवली आहे.

अशा माणसाने 1877 मध्ये आवाज साठवणारं यंत्र बनवावं, हे नवलच. पण त्याचं बहिरेपण इथे उपयोगी पडलं. टेलिफोनच्या पडद्यावर काम करताना आवाजाच्या कंपनाने सुई बोटाला टोचली आणि त्यातून कल्पना सुचली, असं त्याने पुढे सांगितलं. कानाला न कळणारं बोटाला कळलं. कथिलाचा पातळ पत्रा गुंडाळलेल्या नळकांड्यावर सुई चरे पाडी आणि त्याच चऱ्यांवरून पुन्हा फिरली की आवाज परत येई. यंत्राचे उपयोग सांगताना त्याने पत्रं तोंडी सांगून नोंदवणं सगळ्यात आधी ठेवलं, संगीत नंतर.

पुढे तो संगीताच्या धंद्यात उतरला आणि कोणाचा आवाज रेकॉर्ड करायचा, हे स्वतः ठरवू लागला. ऐकायचा कसा? यंत्राच्या किंवा पियानोच्या लाकडात दात रोवून! कंपनं जबड्याच्या आणि कवटीच्या हाडांतून थेट आतल्या कानाकडे जात. आम्ही कानामागच्या हाडावर ट्यूनिंग फोर्क टेकवून तपासतो, तोच हा मार्ग. मधला कान बिघडला तरी तो बऱ्याच अंशी शाबूत राहतो. त्याच्या एका फोनोग्राफच्या लाकडावर त्याच्या दातांच्या खुणा आजही दिसतात. पण असं ऐकून दिलेला निवाडा सगळ्यांच्या कानांना मानवेलच असं नाही. आवाजातला कंप त्याला खपत नसे आणि त्यापायी त्याने चांगले चांगले गायक नाकारले.

1912 मध्ये त्याने डायमंड डिस्क बाजारात आणली. जाड तबकडी, हिऱ्याची सुई, आवाज त्या काळात अव्वल. ते पटवून देण्यासाठी 1915 पासून त्याच्या कंपनीने गावोगावी जाहीर कार्यक्रम केले. मंचावर गायिका आणि शेजारी यंत्र. दोघांचा आवाज एकत्र सुरू होई, दिवे मालवले जात आणि पुन्हा लागत तेव्हा गायिका निघून गेलेली असे, गाणं मात्र चालूच. फरक कळला नाही म्हणून लोक थक्क होत. खरं तर त्या काळच्या ध्वनिमुद्रणात काहीशे ते दोन-तीन हजार हर्ट्झ एवढाच पट्टा नीट उतरे. तरुण माणसाचा निरोगी कान 20 ते 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकतो. मग फसगत कशी झाली? अशा कार्यक्रमांत गाणाऱ्या अ‍ॅना केस यांनी अनेक वर्षांनी कबुली दिली की आपण आपला आवाज यंत्राशी जुळवून घेत होतो. शिवाय आज काय ऐकायला मिळणार, हे श्रोत्यांना आधीच सांगितलेलं असे. अपेक्षा कानाच्या आधी ऐकते. माझ्या घरी त्या रात्री हेच झालं होतं.

उत्तम आवाज असूनही एडिसन या बाजारात हरला. त्याच्या तबकड्या इतरांच्या यंत्रांवर सहज वाजत नसत आणि लोकांना हवा असलेला कारुझो व्हिक्टर कंपनीकडे होता. 1929 मध्ये त्याने रेकॉर्डचा धंदा बंद केला. 1931 मध्ये, मधुमेहाने पोखरलेल्या शरीराने, तो गेला.

सेवा निवडताना त्याचं आयुष्य उपयोगी पडतं. आधी तुमचं संगीत तिथे आहे का ते पाहा. तुलना करायची तर दोन्हींचा आवाज सारखा ठेवा, कारण जरासं मोठं वाजलेलं नेहमी जास्त चांगलं वाटतं. आणि लावणारा माणूस दुसरा असू द्या. 192 किलोहर्ट्झच्या नोंदीत 96 किलोहर्ट्झपर्यंतचे ध्वनी मावतात, सीडीच्या दर्जात 22 पर्यंत. आपला कान 20 लाच थांबतो, पन्नाशीनंतर त्याच्याही बराच अलीकडे. साध्या ब्लूटूथवर तर आवाज पुन्हा आक्रसून जातो. वर्गणीतला फरक चांगल्या हेडफोनवर किंवा स्पीकरवर खर्च केलात तर तो ऐकू तरी येईल.

सगळ्यात महत्त्वाचं, आवाज कमी ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तास चालतो, 90 डेसिबल जेमतेम 4 तास. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. गाणं ऐकल्यावर कानात शीळ वाजत राहिली किंवा समोरच्याचं बोलणं दबकं वाटू लागलं, तर तपासणी करून घ्या. सरकारी रुग्णालयात ती अगदी थोड्या खर्चात होते.

मी महागडी वर्गणी पुढे चालू ठेवली नाही. सकाळी खिडकीत बुलबुल ओरडतो, तो मला अजून ऐकू येतो. एडिसनला तो बाराव्या वर्षानंतर कधीच ऐकू आला नाही.