भिंतीचा धर्म जाणणारा चित्रकार : नंदलाल बोस

वडोदऱ्याचे कीर्तिमंदिर सयाजीराव महाराजांनी १९३६ मध्ये गायकवाड घराण्याचे स्मारक म्हणून उभारले. त्याच्या मध्यवर्ती दालनातील भित्तिचित्रांसाठी महाराजांनी शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांना पाचारण केले. घराण्याच्या कीर्तीसाठी बांधलेल्या भिंतींवर या चित्रकाराने काय रेखाटले, हे समजण्यासाठी त्याच्या आयुष्याची वाटचाल पाहावी लागते.

नंदलाल यांचा जन्म ३ डिसेंबर १८८२ रोजी बिहारमधील खडगपूर येथे झाला. कलकत्त्याच्या कलाशाळेत अवनींद्रनाथ ठाकूर यांच्यासारखे गुरू त्यांना लाभले. लेडी हेरिंगहॅम यांनी हाती घेतलेल्या प्रतिकृतींच्या कामासाठी ते १९०९-१० च्या हिवाळ्यात अजिंठ्यास आले. तेथील चित्रे भिंत, खांब आणि छत यांना धरूनच जगतात. चौकटीत बसवून ती दिवाणखान्यात नेता येत नाहीत. १९२१ मध्ये ग्वाल्हेर संस्थानातील बाघ लेण्यांत असित हळदार व सुरेंद्रनाथ कर यांच्यासमवेत काम करताना हाच अनुभव त्यांना पुन्हा आला.

१९२२ ते १९५१ एवढा दीर्घ काळ त्यांनी शांतिनिकेतनच्या कलाभवनाची धुरा वाहिली. भित्तिचित्रणाची जुनी विद्या शिकण्यासाठी त्यांनी जयपूरचे कारागीर नरसिंगलाल यांना बोलावून घेतले. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंग भरायचे, तर गिलावा सुकण्यापूर्वी हात पूर्ण व्हावा लागतो. मागाहून दुरुस्ती करता येत नाही. या कठोर शिस्तीत तेथील ग्रंथालयाच्या जुन्या इमारतीच्या भिंती गुरुशिष्यांनी मिळून सजविल्या. १९३० मध्ये श्रीनिकेतनात त्यांनी नांगरणीचा उत्सव चितारला. १९३५ मध्ये सुरेंद्रनाथांच्या आराखड्यानुसार ‘श्यामली’ हे रवींद्रनाथांचे मातीचे घर बांधले गेले. त्याच्या बाह्य भिंतींवर नंदलाल, रामकिंकर आणि विद्यार्थ्यांनी मातीतच उठावाची शिल्पे घडविली. रचनाकार कोठे थांबला आणि कलावंताने कोठे आरंभ केला, हे तेथे वेगळे दाखविता येत नाही.

डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन भरले. तेथील टिळकनगर सजविण्याचे काम गांधीजींनी नंदलालांवर सोपविले. आपण चित्रकार, स्थापत्याचे जाणकार नव्हे, म्हणून प्रारंभी त्यांना संकोच वाटला. परंतु बांबूसारख्या गावातल्याच साहित्यातून त्यांनी ते नगर शोभिवंत केले. १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनासाठी त्यांनी शिंपी, लोहार, वादक, दळण दळणाऱ्या स्त्रिया अशी सामान्य माणसे चित्रफलकांवर आणली. येणाऱ्याजाणाऱ्या शेतकऱ्याने सहज पाहावीत, यासाठीच ती होती.

हाच चित्रकार १९३९ ते १९४६ या काळात वेळोवेळी वडोदऱ्यास येऊन कीर्तिमंदिराच्या भिंती रंगवीत होता. चारही भिंती पूर्ण झालेल्या पाहणे महाराजांच्या नशिबी नव्हते. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी त्यांचे निधन झाले होते. या भिंतींवर गंगावतरण आहे, राजवैभवाकडे पाठ फिरविणारी मीरा आहे, राजाज्ञा मोडून स्तूपापुढे नृत्याचे अर्घ्य देणारी आणि त्यासाठी प्राण गमावणारी ‘नटीर पूजा’तील नर्तकी आहे, आणि महाभारतीय युद्धात अभिमन्यूचा अंत आहे. राजघराण्याच्या स्मारकात एकाही राजाचा विजयोत्सव नाही! कीर्ती सिंहासनाने नव्हे, त्यागाने उरते, असाच या चित्रांचा आशय आहे. चित्रकाराला असे विषय रंगवू देणाऱ्या राजसंस्थेचे औदार्यही त्यात दिसते.

१९५४ मध्ये नंदलालांना पद्मविभूषण मिळाले. भारतीय संविधानाच्या हस्तलिखित प्रतीची सजावटही त्यांनी आणि त्यांच्या शिष्यांनीच केली. १६ एप्रिल १९६६ रोजी त्यांचे देहावसान झाले. तोवर त्यांचे शिष्य के. जी. सुब्रमण्यन वडोदऱ्याच्या विद्यापीठात ललित कलांचे अध्यापन करीत होते आणि लखनौच्या रवींद्रालयावर त्यांनी पक्क्या मातीचे विशाल भित्तिशिल्प उभारले होते. विकून दूरदेशी जाणाऱ्या चित्रांऐवजी जागा न सोडणाऱ्या भिंतींवर नंदलालांनी आपल्या आयुष्याचा मोठा भाग वेचला. त्या भिंती राखणे हे ज्यांच्या गावात त्या आहेत, त्यांचे काम आहे.