इमाम जैनुल आबिदीन (रह.) : रात्रीच्या अंधारातील दाता

वाचकहो, इसवी सनाच्या सातव्या शतकाच्या अखेरची मदीना नगरी क्षणभर डोळ्यांसमोर आणा. रात्र झाली आहे, गल्ल्या निर्मनुष्य आहेत. चेहरा झाकलेला एक मनुष्य पाठीवर पिठाचे पोते घेऊन एका गरीब घराच्या दाराशी थांबतो, शिधा देतो आणि पुढच्या दाराकडे वळतो. घरातल्यांची भूक भागते. देणारा कोण, हे मात्र त्यांना ठाऊक नसते.

हा मनुष्य म्हणजे हजरत अली बिन हुसैन (रह.). जैनुल आबिदीन, अर्थात उपासकांचे भूषण, या नावाने आपण त्यांना ओळखतो. हजरत अली (रजि.) व हजरत फातिमा (रजि.) यांचे ते नातू आणि हजरत इमाम हुसैन (रजि.) यांचे पुत्र. त्यांचा जन्म हिजरी 38 च्या सुमारास झाला. हिजरी 61 मध्ये, म्हणजे इ. स. 680 साली, करबला येथे ते आजारी असल्याने लढाईत उतरू शकले नाहीत. पिता, भाऊ, चुलते एकाच दिवशी शहीद झाले. इमामसाहेबांना बंदिवान करून कूफा व तेथून दमास्कसला नेण्यात आले. सुटका झाल्यावर ते मदीनेस परतले.

इतके सोसलेला मनुष्य जगाकडे पाठ फिरवून बसला असता, तर त्याला कोणी दोष दिला नसता. इमामसाहेब मात्र इबादतीत जितके रमले, तितकीच त्यांनी शेजाऱ्यांच्या चुलींची काळजी वाहिली. आपली मालमत्ता त्यांनी दोन वेळा अल्लाहच्या मार्गात वाटून दिली, असे चरित्रकार नमूद करतात. मुहम्मद बिन उसामा हे मृत्युशय्येवर कर्जाच्या चिंतेने रडत होते. त्यांचे हजारो दीनारांचे कर्ज इमामसाहेबांनी तेथेच स्वतःच्या माथी घेतले. प्रेषितांच्या घराण्यातील असूनही, गुलामीतून मुक्त झालेल्या विद्वानाच्या ज्ञानसभेत जाऊन बसण्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही.

आणि तरीही, वाचकहो, काही लोक त्यांना कंजूष समजत! दिवसा त्यांचे देणे कोणाच्या दृष्टीस पडत नसे. हा गैरसमज दूर करण्यासाठी त्यांनी एक शब्दही खर्च केला नाही.

हिजरी 94 च्या सुमारास त्यांचे निधन झाले. गुस्ल देताना त्यांच्या पाठीवर काळे वळ आढळले. ते रात्री वाहिलेल्या पोत्यांचे होते. इकडे मदीनेतील अनेक घरांत रात्रीचा शिधा येणे थांबले, तेव्हा लोकांना उलगडा झाला. सुमारे 100 कुटुंबे त्यांच्या आधारावर जगत होती. जन्नतुल बकी येथे त्यांचे दफन झाले.

हे लिहिताना मला स्वतःची लाज वाटते. काही वर्षांपूर्वी रमजानच्या एका शिधावाटपात मीही छायाचित्रासाठी उभा राहिलो होतो. पिशवी घेणाऱ्या भगिनीने ओढणी तोंडावर ओढली. मी ते पाहिले आणि तरी उभाच राहिलो. पुढच्या रमजानमध्ये ती आलीच नाही. तिची गरज संपली होती म्हणून नव्हे, हे मला नंतर कळले.

उघड दान निषिद्ध नाही. कुरआनने त्यालाही चांगलेच म्हटले आहे. पण गरजूला गुप्तपणे देणे अधिक चांगले ठरविले आहे. म्हणून आपल्या मोहल्ल्यातील बैतुलमालचा हिशेब जमातीपुढे उघडा असावा, घेणाऱ्यांची नावे मात्र दोन-तीन विश्वासू माणसांपाशीच राहावीत. लोकांना रांगेत उभे करण्याऐवजी तरुणांनी इशाच्या नमाजनंतर पिशव्या घरोघर पोहोचवाव्यात.

ज्याच्यापाशी पैसा नाही त्याच्यापाशी पाठ तर आहे! एकाकी वृद्धाची औषधे आणणे, विधवेच्या मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देणे, रुग्णाच्या उशाशी एक रात्र बसणे, मय्यतीच्या घरी कफन-दफनाची धावपळ आपल्या अंगावर घेणे, ही सारी त्याच पोत्याची रूपे आहेत.

आज रात्री झोपण्यापूर्वी आपल्या गल्लीतील एका घराचा विचार करा. त्या घराला काय हवे आहे, ते कोणालाही न सांगता शोधा आणि स्वतः घेऊन जा. अल्लाह आपणा सर्वांना असे देण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.