दिवाळे निघालेले तुकोबा

आषाढीला आपल्या जिल्ह्यातून नाथांची पालखी पैठणहून पंढरीला निघते. वाटेभर तुकोबांचे नाव तोंडी असते. पण हेच तुकोबा आधी सावकार होते आणि त्यांचे दिवाळे निघाले होते, हे आपण फारसे ध्यानात घेत नाही.

देहूचे मोरे घराणे खाऊनपिऊन सुखी. गावची महाजनकी, शेती, दुकान आणि देवघेव. वडील बोल्होबा थकले, थोरला सावजी विरक्त, म्हणून मधल्या तुकोबांच्या हाती कोवळ्या वयातच वह्या आल्या. मग आईवडील गेले. सावजी तीर्थाटनाला निघून गेले. त्यातच १६३० च्या सुमाराचा मोठा दुष्काळ पडला. गुजरात, दख्खन सगळीकडे माणसे आणि गुरे पटापट मेली. तुकोबांचे येणे बुडाले, दुकान बसले, पत गेली. थोरल्या पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेल्या. मुलगा संतूही गेला.

धाकट्या पत्नी जिजाबाईंनी स्वतःच्या नावावर दोनशे रुपये काढून नवऱ्याला भांडवल दिले, असे ताहराबादच्या महीपतींनी चरित्रात लिहिले आहे. तुकोबांनी त्याचे अडीचशे केले, पण वाटेत कर्जापायी गांजलेला एक जण भेटला आणि सगळे त्याला देऊन टाकले. जिजाबाई चिडल्या, त्यात त्यांचे काय चुकले? खत त्यांच्या नावावर होते.

पुढे भामचंद्राच्या डोंगरावरून धाकटा भाऊ कान्होबा तुकोबांना शोधून घेऊन आला. इंद्रायणीकाठी घरातली कर्जखते काढली. तुकोबांना सगळीच बुडवायची होती. कान्होबाला प्रपंच होता. म्हणून निम्मी त्याला दिली आणि आपल्या वाट्याची निम्मी पाण्यात सोडली. बघा, बुडवले ते लोकांकडचे येणे, तेही फक्त स्वतःच्या हिश्शाचे. भावाच्या हक्काला हात लावला नाही.

आज आपली खते कोणी नदीत सोडणार नाही. म्हणून कायदा माहीत हवा. शेतकऱ्याचे राहते घर दिवाणी हुकूमनाम्याखाली सहसा जप्त होत नाही. पण तेच घर आपण गहाण लिहून दिले, की हा आधार राहत नाही. बँकेची २००२ च्या कायद्याखालची नोटीस आली, तर ६० दिवसांची मुदत असते. तेवढ्यात लेखी म्हणणे द्या, तडजोडीचे बोला. ताबा घेण्याची कारवाई झाली, तर ४५ दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते. शेतजमिनीला तो कायदा लागू नाही. खाजगी सावकाराने जमीन किंवा घर बळकावले असेल, तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करा. आम्हा गावपातळीवरच्या कर्मचाऱ्यांनीही नोटीस आलेल्या घरी बसून कागद वाचून दाखवावा. घरातल्या बाईलाही ऐकवावा.

आणि एक. नोटीस आली, की माणूस तोंड लपवतो, नको ते मनात आणतो. दिवाळे निघाल्यावर तुकोबा वीसेक वर्षे जगले. आपण त्यांना ज्यासाठी ओळखतो, ते जवळजवळ सगळे त्यानंतरचे आहे.