एकच कॉपी असलेला गणितज्ञ : एव्हारिस्त गाल्वा

घरच्या पीसीला दोन एसएसडी जोडून रेड करायचं ठरलं की आपल्यातले बरेच जण आधी रेड-० कडे धावतात. डेटाचे तुकडे दोन्ही ड्राइव्हवर वाटले जातात, स्पीड वाढतो, जागाही पूर्ण मिळते. पण एक ड्राइव्ह गेला की सगळंच गेलं! रेड-१ मध्ये दोन्हीवर तोच डेटा असतो. जागा निम्मी मिळते, पण एक गेला तरी दुसरा असतो. यातलं काहीही निवडा, ड्राइव्हच्या आत एका फ्रेंच मुलाचं गणित काम करत असतं. तो वारला तेव्हा जेमतेम वीस वर्षांचा होता, म्हणजे आपल्याच वयाचा!

एव्हारिस्त गाल्वाचा जन्म २५ ऑक्टोबर १८११ चा, पॅरिसजवळच्या बूर-ला-रेन गावातला. वडील तिथले मेयर. बारा वर्षांपर्यंत आईनेच घरी शिकवलं. मग पॅरिसच्या शाळेत गणिताची पुस्तकं हातात पडली आणि बाकी विषय मागे पडले. एकोल पॉलिटेक्निक, म्हणजे त्यांची आयआयटीच म्हणा ना, तिथल्या एन्ट्रन्समध्ये तो दोनदा नापास झाला. दुसऱ्या परीक्षेच्या तोंडावर, जुलै १८२९ मध्ये, वडिलांनी आत्महत्या केली होती.

याच काळात समीकरणं कधी सुटतात आणि कधी सुटत नाहीत, याचं मूळ त्याला सापडलं. पण त्याचे कागद कमनशिबी! १८२९ मध्ये ते कोशीकडे गेले, पण अकादमीत वाचले गेले नाहीत. १८३० मध्ये फूरियेकडे गेले, तर फूरियेच वारला आणि कागद सापडलेच नाहीत. त्याने १८३१ मध्ये पुन्हा लिहून दिलं, तर प्वासाँने समजत नाही म्हणून परत पाठवलं. दरम्यान राजकारणापायी कॉलेजमधून हकालपट्टी झाली आणि पुढे तुरुंगवासही घडला.

३० मे १८३२ ला सकाळी पिस्तुलांचं द्वंद्व ठरलं होतं. आदल्या रात्री त्याने परत आलेली प्रत दुरुस्त केली आणि मित्र ऑग्युस्त शेवालिए याला आपल्या शोधांचा सारांश देणारं लांब पत्र लिहिलं. द्वंद्वात पोटात गोळी लागली आणि ३१ मे ला तो गेला.

इथे गोष्ट संपली असती. पण शेवालिएने ते पत्र त्याच वर्षी छापून आणलं आणि बाकीच्या कागदांच्या हाताने नकला काढल्या. शेवटी १८४६ मध्ये लिऊव्हीलने ते लिखाण प्रसिद्ध केलं आणि जगाला त्याची किंमत कळली.

गाल्वाने १८३० मध्येच मोजक्याच संख्यांच्या बंदिस्त जगाचं गणित मांडलं होतं. त्यालाच आज आपण गाल्वा फील्ड म्हणतो. २५६ घटकांचं फील्ड घेतलं की प्रत्येक घटक म्हणजे बरोबर एक बाइट, आणि बेरीज म्हणजे साधं एक्सॉर! फ्लॅश सेल वाचताना बिट चुकतात. ते दुरुस्त करायला एसएसडीच्या कंट्रोलरमध्ये वर्षानुवर्षं वापरले गेलेले बीसीएच कोड अशाच फील्डवर उभे आहेत. त्या नावातले बी आणि सी म्हणजे बोस आणि रे-चौधरी, दोघेही बंगाली गणितज्ञ. रेड-६ मध्ये एकदम दोन ड्राइव्ह गेले तरी डेटा परत मिळतो, तोही याच गणिताच्या जोरावर.

आता तुमच्या दोन एसएसडींकडे वळू. रेड-१ केलंत तरी फाइल चुकून डिलीट झाली किंवा व्हायरस आला, तर ते दोन्ही ड्राइव्हवर एकाच क्षणी होतं. म्हणून रेड म्हणजे बॅकअप नव्हे. गाल्वाचं काम वाचलं ते दुसऱ्याच्या हाती, दुसऱ्या घरात कॉपी होती म्हणून. तेव्हा तुमच्या प्रोजेक्ट रिपोर्टची एक कॉपी आजच वेगळ्या डिस्कवर घ्या आणि ती एखाद्या भरवशाच्या मित्राकडे ठेवा!