देवराष्ट्र्याच्या रमाबाई आणि मताचा हक्क



रमाबाई म्हटलं की आपल्या विहारात बसलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यांपुढं एकच मूर्ती उभी राहते, ती त्यागमूर्ती माता रमाईंची. ते रास्तच आहे. पण वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत मी दुसऱ्या एका रमाबाईंबद्दल लिहितोय. त्या म्हणजे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी रमाबाई रानडे. स्मरणिका समितीतल्या एकदोन तरुण कार्यकर्त्यांनी मला तोंडावर विचारलं की काका, आपल्याकडं सावित्रीमाई असताना ह्या बाई कशाला? प्रश्न बरोबर आहे. मी सूतगिरणीत पाळी करणारा माणूस, मोठा विद्वान नाही. पण जे वाचलं त्यावरून उत्तर द्यायचा प्रयत्न करतो.

पहिली गोष्ट म्हणजे बाई आपल्याच जिल्ह्यातल्या. सागरेश्वरच्या डोंगराजवळ देवराष्ट्रे गाव आहे, तिथल्या कुर्लेकरांच्या घरात १८६२ साली त्यांचा जन्म झाला. त्यावेळी हा भाग सातारा जिल्ह्यात होता. ह्याच गावात पुढं १९१३ साली यशवंतराव चव्हाण जन्मले, म्हणून गावाचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. रमाबाईंचं नाव मात्र २०१२ साली टीव्हीवर 'उंच माझा झोका' मालिका लागली तेव्हा घराघरांत गेलं. आमच्या घरी सुद्धा त्या वेळेला टीव्हीसमोरून कुणी उठायचं नाही. पण त्याच बाईंनी बायकांच्या मतासाठी चळवळ केली हे आज वस्तीत कुणाला विचारलं तर सांगता येत नाही.

कुर्लेकरांचं घर जहागीरदाराचं, पण मुलीला अक्षर शिकवायचं नाही ही त्या काळची रीत. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचं लग्न झालं. नवरा तिशी ओलांडलेला आणि बिजवर. रानडे म्हणजे विधवाविवाहाचे मोठे पुरस्कर्ते. पहिली पत्नी वारल्यावर त्यांनी विधवेशीच लग्न करावं अशी लोकांची अपेक्षा होती. वडिलांच्या हट्टापुढं ते नमले आणि एका पोरवयाच्या मुलीशी लग्न करून मोकळे झाले. त्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली आणि ती योग्यच होती असं मला वाटतं. व्यासपीठावर एक आणि घरात एक, हा रोग जुना आहे. आपल्या चळवळीतसुद्धा तो नाही असं छातीठोक कुणी सांगू नये.

पण एक गोष्ट रानड्यांनी केली. बायकोला त्यांनी शिकवलं. आधी मराठी, मग इंग्रजी. दिवसभर घरकाम आणि रात्री धडे, असा तो क्रम. घरातल्या बायकांना हे अजिबात खपलं नाही. घालून पाडून बोलणं, टोमणे, अबोला हे सगळं ह्या मुलीनं वर्षानुवर्षं सोसलं. दिवसा घरात मोठ्यानं वाचायची चोरी. पुरुषांनी विरोध केला असता तर निदान रानडे मध्ये पडले असते, पण सासुरवासाच्या ह्या लढाईत ती एकटीच होती. १८८२ साली पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज काढला, तिथं ह्या जाऊ लागल्या तेव्हा घरातला विरोध आणखी वाढला. मुलींच्या हायस्कूलची मागणी करणारं इंग्रजी भाषण त्यांनी भर सभेत गव्हर्नरसाहेबांपुढं वाचलं. १८८४ साली पुण्यात हुजूरपागेची शाळा सुरू झाली ती अशा खटपटीतून.

इथं एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्याच्या ३६ वर्षं आधी, १८४८ साली, भिडेवाड्यात महात्मा जोतीराव आणि सावित्रीमाईंनी मुलींची शाळा काढली होती. आणि १८५५ साली मुक्ता साळवे ह्या मातंग समाजातल्या मुलीनं आपल्या समाजाच्या दुःखावर निबंध लिहिला होता. म्हणजे वाट आधी कुणी पाडली ह्याबद्दल शंका नको. रमाबाई त्या वाटेनं नंतर आल्या, आणि त्यांच्या कामात मुख्यतः वरच्या जातींच्या बायका होत्या हेही खरं.

१९०१ साली रानडे वारले. बाई चाळिशीच्या आतल्या, मूलबाळ नाही. त्या काळी ब्राह्मण विधवेनं कोपऱ्यात बसून दिवस काढायचे. त्या बसल्या नाहीत. १९०४ साली मुंबईत भारत महिला परिषदेच्या अध्यक्ष झाल्या. १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झालं, त्याच्या त्या प्रमुख. तिथं बायकांना शिवण, शिक्षिकेचं आणि नर्सचं शिक्षण दिलं जायचं. परक्याची शुश्रूषा करायची म्हणजे शिवाशिव आलीच, म्हणून सोवळ्यातल्या घरांनी ह्या कामावर नाकं मुरडली. तरी त्यांनी विधवा मुलींना त्या कामाला लावलं. १९१० साली त्यांचं आठवणींचं पुस्तक निघालं.

आता मताचा विषय. १९१९ च्या सुधारणा कायद्यानं काही लोकांना कौन्सिलसाठी मत मिळालं, पण बायकांना द्यायचं की नाही हे ब्रिटिश सरकारनं प्रांतांवर ढकललं. मुंबईच्या हिराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन त्यासाठी विलायतेपर्यंत जाऊन आल्या. मुंबई इलाख्यात १९२१-२२ च्या सुमारास ह्या चळवळीच्या अग्रभागी रमाबाई होत्या. वय साठीला टेकलेलं. त्याच्या थोडं आधी पुण्यात सक्तीचं शिक्षण फक्त मुलांना द्यायचं घाटत होतं, तेव्हा मुलींनाही द्या म्हणून त्या बायकांना घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. ती संघटना आता कामाला आली. १९२१ साली आधी मद्रासनं आणि मग जुलैत मुंबई कौन्सिलनं बाईपणाची आडकाठी काढून टाकली. १९२३ च्या निवडणुकीत इथल्या बायकांना पहिल्यांदा मत देता आलं. पुढच्याच वर्षी, १९२४ साली, रमाबाई गेल्या. १९६२ साली त्यांच्या जन्मशताब्दीला सरकारनं टपाल तिकीट काढलं.

पण १९२३ साली मत मिळालं ते कुणाला? ज्यांच्या नावावर जमीन, घर किंवा कर होता त्यांना. आपल्या आज्या-पणज्यांच्या नावावर काय होतं? अंगावरचं लुगडंही धड नव्हतं. म्हणजे दार उघडलं, पण उंबरा आपल्यासाठी उंचच राहिला. तो काढायला बाबासाहेब लागले. १९१९ साली साऊथबरो कमिटीपुढं त्यांनी अस्पृश्यांच्या मताचा प्रश्न मांडला. १९२९ साली सायमन कमिशनच्या वेळच्या आपल्या स्वतंत्र अहवालात त्यांनी सगळ्या प्रौढ स्त्री-पुरुषांना मत मागितलं. १९४२ साली नागपूरला आपल्या महिलांची परिषद झाली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. तिथं घटस्फोटाचा हक्क, कामगार बायकांना रजा आणि कायदेमंडळात बायकांना जागा असे ठराव झाले. आणि १९५० च्या घटनेत ३२६ व्या कलमानं मत सगळ्यांना मिळालं. शेताची, कराची, शिक्षणाची, कसलीच अट नाही.

तरीही पहिल्या निवडणुकीच्या यादीतून देशभरात सुमारे २८ लाख बायकांची नावं गळाली. कारण काय, तर त्यांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच सांगितलं. ही संख्या वाचली त्या दिवशी मला झोप आली नाही. देवराष्ट्र्याची ती मुलगी रात्री दिव्याजवळ बसून अक्षरं गिरवत होती, ती कशासाठी ते मला त्या दिवशी समजलं. आज महाराष्ट्रात २०११ पासून महापालिकेत निम्म्या जागा बायकांना आहेत. पण आपल्या गल्लीत प्रचाराला येणारे अजून घरातल्या बाप्यालाच विचारतात, तुमच्या घरात मतं किती?

माझी आजी दुसऱ्याच्या रानात मजुरी करायची. सही येत नव्हती. तिचं नाव १९५२ च्या यादीत होतं. त्यावेळी प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असायची, पेटीवर चिन्ह चिकटवलेलं. आत एकटीनंच जायचं. बाहेर आल्यावर आजोबांनी विचारलं, कुठल्या पेटीत टाकलंस? आजीनं काही सांगितलं नाही. आम्ही नातवंडांनीही पुष्कळ वेळा विचारून पाहिलं. ती नुसती हसायची.